हवा ओढत नाही, ढकलते

(आपल्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. म्हणाले, "प्रत्येकानं आपापल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं, पंधरा मिनिटं." मी म्हटलं, "अहो, डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, मेकॅनिकचं कोण ऐकणार?" तर म्हणाले, "गाडी सगळ्यांकडे आहे." बरोबर आहे. म्हणून एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत माझी एक चूक आहे आणि आपल्याच वर्गातल्या एका मित्राचं नुकसान आहे. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला विचारूनच सांगतोय. नाव घेणार नाही, तुम्ही ओळखालच.

पण गोष्टीच्या आधी नववीचा विज्ञानाचा तास आठवायला लागेल.

सरांनी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला होता. त्यात थोडं पाणी घालून स्टोव्हवर ठेवलं. वाफ येऊ लागल्यावर डबा खाली उतरवला, झाकण घट्ट बसवलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा आपल्यासमोर कडकड वाजत चेपला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आतल्या हवेनं ओढून घेतला!" सर म्हणाले, "आत ओढायला आहे कोण? आतली वाफ निवून पाणी झाली, आत पोकळी झाली. बाहेरच्या हवेनं डबा ढकलला. हवा ओढत नाही, ढकलते. लिहून घ्या." आपण लिहून घेतलं. मला दोन मार्क पण मिळाले होते. त्या दोन मार्कांचा अर्थ मला कळायला जवळजवळ तीस वर्षं लागली.

गाडीचं इंजिन हवेवर चालतं. पेट्रोल आपल्याला दिसतं कारण त्याचे पैसे मोजतो, हवेचं बिल येत नाही म्हणून ती लक्षात राहत नाही. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमधला दाब कमी होतो, व्हॉल्व्ह उघडा असतो, आणि बाहेरची हवा आत ढकलली जाते. इंजिनाची ताकद एका खेपेला किती हवा आत गेली यावर ठरते. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ४४ अंशांना हवा विरळ होते, २० अंशांच्या हवेपेक्षा सात-साडेसात टक्के. उन्हाळ्यात गाडी जरा मंद वाटते त्याचं एक कारण हेच. एसीचा भार पडतो तो वेगळा.

ही हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांना रनर म्हणतात. त्या जिथं एकत्र येतात तो भाग म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. बॉनेट उघडलं की वरच दिसतो, हाताची बोटं पसरल्यासारखा.

आता खरी अडचण सांगतो. १६०० सीसीचं इंजिन घ्या. दोन फेऱ्यांत ते एकदा पोटभर हवा घेतं. मिनिटाला १००० फेऱ्या होत असतील तर पूर्ण पॅडल दाबल्यावर साधारण ८०० लिटर हवा लागते. ६००० फेऱ्या असतील तर ४८०० लिटर, म्हणजे सहा पट. नळी मात्र तेवढीच! नळी बारीक ठेवली तर वरच्या वेगाला इंजिनाचा घसा आवळतो. मोठी ठेवली तर खालच्या वेगाला हवा त्या मोठ्या नळीतून रेंगाळत जाते.

रेंगाळली तर काय बिघडतं? नळाला पाणी येतं तेव्हा आपण सगळेच अंगणात पाइप धरतो, त्यामुळे सोलापूरकरांना हे पटकन कळेल. पाइपचं तोंड अंगठ्यानं अर्धं दाबलं की धार जोरात लांब जाते. पाणी वाढत नाही, वेग वाढतो. हवेचंही तसंच. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्या गेल्या बंद होत नाही, थोडा उशिरा होतो. तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो. हवा वेगात असेल तर ती त्याही वेळात आपल्या जोरानं आत शिरत राहते. रेंगाळत आलेली असेल तर पिस्टन तिला उलटं बाहेर ढकलतो. म्हणजे घास तोंडात घेतला आणि अर्धा सांडला. शिवाय वेगानं एका बाजूनं शिरलेली हवा सिलिंडरमध्ये गरगर फिरते, पेट्रोल तिच्यात नीट मिसळतं, जळतंही नीट.

तर बारीक नळी हवी की मोठी? उत्तर असं की दोन्ही हव्यात, आपापल्या वेळेला.

ही कल्पना फार जुनी आहे. दोन बॅरलच्या कार्बोरेटरमध्ये ती होतीच. एक छोटा मार्ग नेहमीसाठी, दुसरा मोठा मार्ग गरज पडेल तेव्हा उघडणारा. पुढं एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, त्यातले दोन हवा घेणारे, अशी इंजिनं आली. टोयोटानं १९८३ मध्ये कोरोलाच्या १६०० सीसी स्पोर्ट इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन रनर दिले. एक कायम उघडा, दुसऱ्यात फिरणारी झडप. इंजिन चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की झडप उघडायची, तोवर बंद. त्या व्यवस्थेचं नाव टी-व्हिस. १९८३ म्हणजे आपण आठवीत होतो, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती. आपल्याकडे कार्बोरेटरवाली मारुती आली तीच जादू वाटत होती! पुढं अशा झडपा अनेक कंपन्यांनी बसवल्या. काहींनी नळीची रुंदी बदलण्याऐवजी लांबी बदलली, खालच्या वेगाला लांब वाट, वरच्या वेगाला आखूड. दोन हजारच्या दशकात अशी इंजिनं आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. डिझेलमध्येही हवेला भोवरा देण्यासाठी दोनपैकी एक मार्ग बंद करणाऱ्या झडपा आल्या.

ही झडप फिरवायची कशी? इथं सरांचा डबा येतो. पेट्रोल गाडी नुसती उभी चालू असते तेव्हा पॅडल सुटलेलं असतं, हवेची मुख्य वाट जवळजवळ बंद असते, आणि पिस्टन तर आत हवा मागत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या मानानं निम्म्याहूनही कमी दाब उरतो. हा झाला व्हॅक्यूम. फुकटात मिळालेला. एका छोट्या डबीत रबराचा पडदा बसवायचा, त्याला एक दांडी जोडायची, आणि पडद्याच्या एका बाजूला हा व्हॅक्यूम न्यायचा. दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा पडदा ढकलते, दांडी सरकते, झडप फिरते. मोटार नको, गिअर नको. ब्रेकचा बूस्टरही याच तत्त्वावर तुमचा पाय हलका करतो.

एकच खोच आहे. पॅडल पूर्ण दाबलं की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, आणि डोंगर चढताना तर पॅडल दाबलेलंच असतं. म्हणून एक छोटी टाकी ठेवतात, तिच्या तोंडाशी एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह. व्हॅक्यूम असताना तो साठवायचा, नसताना वापरायचा. कधी वापरायचा ते संगणक ठरवतो आणि एका विजेच्या व्हॉल्व्हला, सोलेनॉइडला, हुकूम देतो. म्हणजे मॅनिफोल्ड, टाकी, सोलेनॉइड, डबी अशी साखळी झाली आणि त्यांना जोडणाऱ्या रबरी नळ्या. सलाइनच्या नळीपेक्षा जराशा जाड, बस.

आता गोष्ट.

२०१२ सालची. आपल्या या मित्राचा टॉवेल-चादरीचा व्यापार. त्यानं एक जुनी पेट्रोल सेडान घेतली होती, नमुने घेऊन हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूर असं फिरायला. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काय बे, ही गाडी उचलतच नाही. चार माणसं आणि गठ्ठे टाकले की दुसऱ्या गिअरला रडते. अॅव्हरेज पण पडलं. पण हायवेला ऐंशीच्या वर गेली, गिअर खाली टाकून ताणली की पळते बघ."

मित्रांनो, त्या वाक्यात सगळा आजार होता. खाली जोर नाही, वर आहे. रिंगा झिजल्या असत्या तर जोर सगळीकडेच कमी झाला असता, सायलेन्सरमधून निळा धूर आला असता, ऑइल कमी झालं असतं. धूर नव्हता, ऑइल जागच्या जागी होतं. कॉम्प्रेशन मोजायचा गेज माझ्या कपाटात होता. मी तो काढला नाही. दहा वर्षं पुण्याला नोकरी करून आलेला माणूस मी, कानानं आजार ओळखतो असा माझा तोरा होता. मी दोन वेळा पॅडल दाबलं आणि सांगितलं, "इंजिनचं काम काढावं लागेल."

इंजिन उतरवलं. पिस्टन बाहेर काढले तेव्हा रिंगा बऱ्या दिसत होत्या. तिथं तरी मी थांबायला हवं होतं. पण उघडलंच आहे तर बदलून टाकू, असं आम्हा लोकांचं एक वाक्य असतं. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं, सगळं धरून चौतीस हजार रुपये बिल झालं. त्यानं तीन हप्त्यांत दिलं. आणि गाडी? जशी होती तशी. दुसऱ्या गिअरला रडतच होती. मग मी क्लचला दोष दिला, मग पेट्रोलला. शेवटी म्हटलं, "ही गाडीच तशी आहे, काढून टाक." त्यानं माझं ऐकून मिळेल त्या किमतीला विकली. नवी घ्यायला पैसे उरले नव्हते. पुढचं दीड वर्ष तो गठ्ठे घेऊन रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जात होता. नव्या पेठेत मी दिसलो की समोरच्या फुटपाथवर जायचा. मीही हाक मारत नव्हतो.

२०१४ मध्ये तशीच, त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली. तक्रार शब्दाला शब्द तीच. मी इंजिनचं काम सांगणारच होतो. तेवढ्यात नुकताच आयटीआय करून माझ्याकडे लागलेला मुलगा मॅनिफोल्डच्या मागं हात घालून म्हणाला, "शेठ, ही नळी कुठं जाते?"

मला सांगता आलं नाही. जी नळी कुठं जाते हे मला माहीत नव्हतं, ती मी एका गाडीवरून उतरवून, पुसून, परत लावली होती. त्या रात्री त्या गाडीचं मॅन्युअल शोधून वाचलं. सकाळी नळी काढून उजेडात वाकवली. वरून धड, पण वाकवल्यावर तीन ठिकाणी भेगा. आपल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर दहा-बारा वर्षं भाजून निघालेलं, ते चिवट राहत नाही, कडक होऊन तडकतं. भेगांतून बाहेरची हवा आत ढकलली जात होती, डबीपर्यंत व्हॅक्यूम पोचतच नव्हता. त्या गाडीत व्हॅक्यूम मिळाला तर झडप बंद, नाही मिळाला तर स्प्रिंगनं उघडी. म्हणजे दुसरा मोठा मार्ग सदा उघडा. खालच्या वेगाला हवा रेंगाळणार, घास सांडणार. वरच्या वेगाला दोन्ही मार्ग हवेच असतात, म्हणून तिथं गाडी पळणार. इंजिनचा दिवाही लागला नव्हता, कारण त्या मॉडेलमध्ये संगणक हुकूम देतो, पण झडप खरंच फिरली का हे बघायला तिथं कोणी नाही.

नळीचा तुकडा चाळीस रुपयांचा. बसवला, गाडी सात रस्त्यापर्यंत नेऊन आणली. दुसऱ्या गिअरला तिनं जो हिसका दिला, त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला.

मित्राची गाडी परत तपासायला मिळणार नव्हती, ती केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती. त्यामुळे तिच्यातही नळीच फुटली होती हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. पण तक्रार तीच, रिंगा धड होत्या, आणि मी बघितलं नव्हतं. मला तेवढं पुरे होतं.

पैसे जमवायला मला चार महिने लागले. चौतीस हजार घेऊन त्याच्या दुकानात गेलो. सगळं सांगितलं. मनात होतं, तो म्हणेल राहू दे रे, मित्र ना आपण. तो तसं काही म्हणाला नाही. त्यानं पैसे मोजले, दोनदा मोजले, गल्ल्यात ठेवले. मग पोऱ्याला म्हणाला, "दोन चहा सांग." चहा झाल्यावर म्हणाला, "पैसे आले बे. पण दीड वर्ष गठ्ठे उचलून कंबर गेली, ती तुझ्याकडं दुरुस्त होते का?" आम्ही दोघं हसलो. पण ती गोष्ट त्यानं गमतीनं म्हटली नव्हती हे मला माहीत आहे. इंजिनचे पैसे परत करता येतात, ते दीड वर्ष मी परत करू शकलेलो नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय.

त्यानंतर गॅरेजात एक शिस्त लावली. इंजिन उघडायच्या आधी तीन गोष्टी करायच्या आणि आकडे कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. पहिली, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि पुरेसे असतील तर रिंगांना हात लावायचा नाही. दुसरी, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. गरम इंजिन उभं चालू असताना काटा साधारण ४५० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास स्थिर राहायला हवा. तिसरी, नळ्या आणि डबी. हातपंपानं डबीतली हवा काढायची, दांडी सरकली पाहिजे, आणि एक मिनिट काटा खाली येता कामा नये. आला तर आतला पडदा फाटलाय. टाकीच्या व्हॉल्व्हमधून तोंडानं फुंकून बघायचं, एकीकडून हवा जायला हवी, दुसरीकडून नाही. दांडी सरकते पण झडप हलत नसेल तर तिथं काजळी बसली आहे, साफ करायची. काही गाड्यांत व्यवस्था उलटी असते, व्हॅक्यूम मिळाला की झडप उघडते. तिथं नळी फुटली तर खाली गाडी छान चालते आणि वर घसा आवळतो. म्हणून आधी मॅन्युअल बघायचं. डिझेल गाडीत मॅनिफोल्डचा असा व्हॅक्यूम मिळत नाही, तिथं त्यासाठी वेगळा पंप असतो, तो तपासायचा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

तुमच्यासाठी एवढंच सांगतो. मेकॅनिक म्हणाला इंजिनचं काम काढावं लागेल, तर त्याला नम्रपणे विचारा, "कॉम्प्रेशन किती आलं?" तो आकडा सांगू शकला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. "झडप काढून टाकू, उघडी जाम करू, काही फरक पडत नाही" असं कोणी म्हणालं तर करू देऊ नका. फरक पडतो. गावातल्या गर्दीत आपण दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या खालीच गाडी चालवतो, आणि नुकसान तिथंच होतं.

एक गोष्ट अभिमानाची सांगतो. हवेच्या दाराची वेळ ठरवणारा जो भाग, कॅमशाफ्ट, तो आपल्या सोलापुरात बनतो. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ पासून इथं आहे, आणि इथले कॅमशाफ्ट जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांच्या इंजिनांत फिरतात. चादरीच्या गावात हेही होतं हे आपल्या मुलांना माहीत असू द्या. पण दार वेळेवर उघडलं तरी दारापर्यंतची वाट ठीक हवी, आणि ती वाट एका चाळीस रुपयांच्या नळीवर अवलंबून असते, हेही सांगा.

सर, तुम्ही आज आला आहात. तुमचा डबा मी विसरलो होतो. म्हणून भंगारातला एक मॅनिफोल्ड उभा कापून आणलाय, आतली झडप दिसेल असा. सोबत हातपंप आणि डबी जोडली आहे. पंप मारला की दांडी सरकते आणि झडप बंद होते, मुलांना स्वतः करून बघता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तो ठेवून जातोय. नळी मुद्दाम दोन दिल्या आहेत, एक चांगली आणि एक तडकलेली. तडकलेली लावून मुलांना विचारा, झडप का फिरत नाही. कोणी म्हणालं, "सर, व्हॅक्यूम ओढत नाही," तर काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे.